पानिपतचं फोडलेलं पत्र आणि ब्राउझरमधलं कुलूप

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं, हे नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळलं. ते पत्र त्यांच्यासाठी नव्हतंच. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत आहे. पेशवे उत्तरेकडे निघाले होते, नर्मदा ओलांडणं चालू होतं, आणि समोरून सावकारांचा एक कासीद आला. पानिपताहून निघून नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचं, अशी त्याची बोली होती. त्याच्याजवळचं पत्र पेशव्यांनी फोडलं. आत लढाईचा शब्द नव्हता, नुसता हिशेब होता. मोती दोन, सोन्याच्या मोहरा सत्तावीस, आणि चांदी-तांब्याचं नुकसान बेरजेपलीकडचं.

दोन मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पुण्यात पर्वतीवर वारले.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी शोकाची गोष्ट म्हणून ऐकली आहे. मी ती अलीकडे वेगळ्या कारणासाठी पुन्हा वाचली. मी राहतो सोनाळ्यात. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. उत्तरेला अंबाबरव्याचं जंगल आणि डोंगरापलीकडे मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा. उत्तरेतून दख्खनेत उतरणारी जुनी मोठी वाट त्याच बुऱ्हाणपूरवरून जायची. गावातल्या जुन्या कागदांची आणि फोटोंची एक छोटी वेबसाइट मी चालवतो. लोक तिच्यावरच्या फॉर्ममध्ये आपलं नाव, फोन नंबर लिहितात, घरातल्या मोडी कागदांचे फोटो जोडतात, कुणी शेताचा गट नंबरही टाकतात. ही माहिती त्यांच्या फोनपासून माझ्या सर्व्हरपर्यंत कुणाच्या नजरेस न पडता कशी यावी, हे शिकताना मला तो कासीद सारखा आठवत होता. वेबसाइटच्या पत्त्यात 'एचटीटीपी'च्या पुढे जे 'एस' अक्षर लागतं, त्यामागचे जवळजवळ सगळे प्रश्न पानिपतच्या आसपास आपल्याच इतिहासात भेटतात.

वाटेतला माणूस

सोनाळ्यातल्या फोनवरून निघालेला मजकूर सरळ सर्व्हरवर जात नाही. टॉवर किंवा वायफाय, मग मोबाइल कंपनीचं नेटवर्क, मग आणखी दोन-चार नेटवर्कं, असा तो हातोहात जातो. साध्या एचटीटीपीवर तो उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. मधला प्रत्येक जण तो वाचू शकतो, आणि वाचला हे दोन्ही टोकांना कळतही नाही. औरंगाबादच्या सावकाराला तरी फुटलेलं पत्र दिसलं असतं. इथे लिफाफाच नाही.

हा धोका पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने 'फायरशीप' नावाचं एक छोटं साधन जाहीरपणे वाटलं. त्या काळी बऱ्याच मोठ्या वेबसाइट पासवर्ड टाकण्यापुरतंच पान सुरक्षित ठेवत आणि पुढचं सगळं उघड्यावर पाठवत. हे साधन वापरून एकाच खुल्या वायफायवर बसलेला कुणीही शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात एका क्लिकमध्ये शिरू शकत होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी संपूर्ण साइटच सुरक्षित करायला घेतली.

सांकेतिक भाषा म्हणजे कुलूप नव्हे

सावकारांनी काळजी घेतली नव्हती असं नाही. नावं लपवून त्यांनी मोती आणि मोहरा लिहिल्या होत्या. पण ज्याला प्रसंग माहीत आहे, त्याच्यापुढे असा संकेत टिकत नाही.

मोडीबद्दलही असाच एक समज ऐकू येतो, की ती गुप्त लिपी होती. मोडी ही रोजच्या कारभाराची, झरझर लिहायची लिपी होती. आज ती वाचणारे थोडे उरले म्हणून ती आपल्याला बंद पेटीसारखी वाटते, पण शिकलेला माणूस पाच मिनिटांत कागद वाचून दाखवतो. संगणकातही असंच होतं. मजकुराचं रूप बदललं, तो डोळ्यांना अगम्य दिसला, म्हणजे सुरक्षित झाला असं नाही. ऑग्यूस्त केर्कहोफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनावर लिहिताना हा नियम घालून दिला, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावी, गुपित राहावं ते फक्त किल्लीत. वेबवरची आजची सगळी सुरक्षा या नियमावर उभी आहे. तिची रीत जगजाहीर आहे, छापील आहे, कुणीही तपासावी.

पण मग किल्ली समोरच्याला द्यायची कशी? ती कासीदाबरोबर पाठवली तर पत्राबरोबर किल्लीही गेली. शेकडो वर्षं याला एकच उत्तर होतं: आधी भेटा, किल्ली ठरवा, मग लिहा. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं की कधीही न भेटलेली दोन माणसं सगळ्यांच्या देखत बोलून एक गुपित किल्ली तयार करू शकतात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना दोन रंग एकत्र करणं सोपं असतं, केलेले वेगळे काढणं अशक्य. तसंच हे गणित. दोघं सर्वांसमोर एक रंग ठरवतात. प्रत्येक जण त्यात आपला लपवलेला रंग मिसळतो आणि ते मिश्रण समोरच्याला देतो. मग आलेल्या मिश्रणात पुन्हा आपला रंग टाकतो. शेवटी दोघांकडे एकच रंग तयार होतो. वाटेवरच्या माणसाने दोन्ही मिश्रणं पाहिली, तरी तो रंग त्याला करता येत नाही. तुमचा फोन सुरक्षित वेबसाइट उघडताना हेच करतो, आणि दर नव्या जोडणीला नवी किल्ली बनवतो. त्यामुळे उद्या कुणी सर्व्हर फोडला, तरी काल टिपून ठेवलेलं संभाषण त्याला उलगडत नाही.

भाऊंचा तोतया

या युक्तीत एक मोठं भगदाड आहे. समोरचा खरोखर तोच आहे कशावरून? वाटेवरच्या माणसाने तुमच्याशी एक किल्ली ठरवली आणि वेबसाइटशी दुसरी, तर दोघांनाही वाटेल आपलं बोलणं गुप्त आहे. मध्ये बसून तो सगळं वाचेल.

हाही धडा पानिपतानेच दिला. सदाशिवरावभाऊंबद्दल शंका राहिली, आणि काही वर्षांत एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीला कैदेत ठेवलं. १७७६ मध्ये तो तिथून सुटला, फौज जमवली, कोकणातले किल्ले घेतले. माणसं त्याच्यामागे गेली, कारण चेहरा आणि नाव यापलीकडे तपासायला त्यांच्या हाती काही नव्हतं. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. सगळा प्रश्न साक्षीचा होता. हा तो आहे की नाही, हे कुणी सांगायचं, आणि सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?

वेबवर ही साक्ष सर्टिफिकेट देतं. सर्टिफिकेट म्हणजे एक छोटी फाइल. तिच्यात वेबसाइटचं नाव, तिची जाहीर किल्ली, मुदत, आणि एका साक्षीदार संस्थेची डिजिटल सही असते. या संस्थेला सर्टिफिकेट ऑथॉरिटी म्हणतात. कोणत्या साक्षीदारांवर विश्वास ठेवायचा याची यादी तुमच्या फोनमध्ये आधीच भरलेली येते. ती यादी आपण कुणीच कधी उघडून बघत नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी फोनवर ते कुलपाचं चित्र दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कुलूप लावलं कोनं? अन् चाबी कोनाजोळ हाये?" या विषयावर याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. कारण साक्षीदारही फुटतो. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली. तिथून निघालेलं गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांचं बोलणं वाचायला वापरलं गेलं. त्याच सप्टेंबरमध्ये संस्थेचं दिवाळं निघालं.

आपल्याकडेही हे घडलं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याने अशा साक्षीदार संस्थांना परवाने देणारा नियंत्रक नेमला. त्या परवानाधारकांपैकी एक म्हणजे सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, एनआयसी. जुलै २०१४ मध्ये गूगलला दिसलं की एनआयसीच्या सहीने गूगलच्या काही डोमेनची बेकायदा सर्टिफिकेटं निघाली आहेत. विंडोजच्या यादीत भारताचा नियंत्रक विश्वासू म्हणून होता, त्यामुळे बहुतेक विंडोज संगणक ती खरी मानणार होते. फायरफॉक्सची यादी वेगळी, म्हणून तो वाचला. एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती, असं नियंत्रकाने कळवलं. त्यानंतर क्रोमने भारताच्या त्या मूळ साक्षीदाराला ठरावीक भारतीय डोमेनपुरतंच बांधून टाकलं.

यावर निघालेला उपाय आपल्या चावडीवर जुनाच आहे. जमिनीचा फेरफार करायचा तर तलाठी त्याची प्रत चावडीवर लावतो, म्हणजे ज्याला हरकत असेल त्याने बोलावं. सर्टिफिकेटांसाठीही तशाच जाहीर नोंदवह्या सुरू झाल्या. त्याची रीत २०१३ मध्ये छापली गेली, आणि एप्रिल २०१८ नंतर दिलेलं सर्टिफिकेट अशा वहीत नोंदलेलं असल्याशिवाय क्रोम मानत नाही. माझ्या डोमेनच्या नावाने कुणी दुसऱ्याने सर्टिफिकेट काढलं, तर सोनाळ्यात बसून मला ते या वह्यांत शोधता येतं.

शिक्का आणि मोर्तब

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण एकजिनसी वापरतो, पण त्या दोन वेगळ्या मुद्रा. राजपत्राच्या वरच्या बाजूला शिक्का, तो सांगणार कागद कुणाचा. मजकूर संपला की मोर्तब, ती सांगणार इथे मर्यादा, याखाली काही नाही. मोर्तबाशिवायच्या कागदाला कुणीही खाली दोन ओळी जोडू शकतो, किंवा शेवट कापू शकतो.

वेबच्या कुलपाला मोर्तबाची गरज उशिरा कळली. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएलची दुसरी आवृत्ती आणली. पहिली कधी बाहेर आलीच नाही. या दुसऱ्या आवृत्तीत संभाषण संपल्याची पक्की खूण नव्हती, त्यामुळे वाटेतला माणूस ते मध्येच तोडून 'संपलं' असं भासवू शकत होता. सुरुवातीच्या बोलणीत फेरफार करून दोघांना कमकुवत कुलूप घ्यायलाही तो भाग पाडू शकत होता. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीने हे बुजवलं. १९९९ मध्ये नाव बदलून टीएलएस झालं. आज चालतात त्या आवृत्त्या दोन: २००८ ची १.२ आणि ऑगस्ट २०१८ ची १.३. सवयीने लोक अजून एसएसएलच म्हणतात.

१९९५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच ऑगस्टमध्ये दामियाँ दोलिजे या फ्रेंच संशोधकाने ४० बिटांची किल्ली असलेलं एसएसएल संभाषण आठ दिवसांत फोडून दाखवलं. अमेरिकेचे निर्यात नियम असे होते की बाहेरच्या देशांना ब्राउझरची ही ४० बिटांची कमजोर आवृत्तीच मिळे आणि मजबूत किल्ली अमेरिकेत राही. जानेवारी २००० मध्ये हे नियम सैल झाले. म्हणजे आपल्याला इंटरनेट मिळालं ते साध्या पिनेने उघडणाऱ्या कुलपासकट.

सोनाळ्यातून कुलूप लावताना

कमजोर किल्लीचा प्रश्न सुटला, पण पैशाचा राहिला. सर्टिफिकेट दर वर्षी विकत घ्यावं लागे. बँकेला ते परवडे, गावच्या वाचनालयाला किंवा माझ्यासारख्याला नाही. हे बदललं 'लेट्स एन्क्रिप्ट'ने. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी मिळून उभी केलेली ही ना-नफा साक्षीदार संस्था. पहिलं सर्टिफिकेट तिने १४ सप्टेंबर २०१५ ला दिलं, आणि ३ डिसेंबर २०१५ पासून ते कुणालाही फुकट मिळू लागलं. तुम्हाला स्वतःचा सर्व्हर सुरक्षित करायचा असेल तर वाट अशी आहे.

आधी डोमेन आपल्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळवा. सर्व्हरवर ८० आणि ४४३ हे दोन्ही पोर्ट उघडे हवेत. भाड्याच्या सर्व्हरला बहुतेकदा कंपनीच्या पॅनलमध्ये वेगळी फायरवॉल असते, तीही बघा. मग एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर बसवा, त्यात डोमेनचं नेमकं नाव लिहा, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून येणारं नावही लिहा, आणि साधी एचटीटीपी साइट फोनवर उघडते याची खात्री करा. ती उघडत नसेल तर पुढचं काही होणार नाही.

त्यानंतर 'सर्टबॉट' नावाचा प्रोग्रॅम बसवून चालवा. तो ईमेल आणि डोमेन विचारतो, बाकीचं स्वतः करतो. मागे काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सर्टबॉट तुमच्या सर्व्हरवर किल्ल्यांची जोडी बनवतो. लेट्स एन्क्रिप्ट त्याला एक खुणेचा मजकूर देतं आणि सांगतं, हा तुमच्या साइटवर अमुक ठिकाणी ठेवून दाखवा. मग ते स्वतः पोर्ट ८० वरून, नेटवर्कच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, तो मजकूर वाचून बघतं. दिसला, तर डोमेन तुमच्याच ताब्यात आहे हे सिद्ध झालं, आणि सही केलेलं सर्टिफिकेट येतं. तोतयाला नेमकी हीच परीक्षा द्यावी लागली असती: नाव सांगू नकोस, घरात जाऊन ही वस्तू खिडकीत ठेवून दाखव.

सराव करायचा असेल तर चाचणीचा सर्व्हर वापरा, कारण खऱ्या सर्टिफिकेटांना ठरावीक काळात किती काढता येतील याची मर्यादा असते. हाताने मांडणी करत असाल तर फक्त आपलं सर्टिफिकेट न देता साक्षीदारांची पूर्ण साखळी असलेली फाइल द्या. नाहीतर संगणकावर साइट उघडते आणि काही फोनवर इशारा येतो. एचटीटीपीवर येणाऱ्याला एचटीटीपीएसकडे वळवा. टीएलएस १.२ आणि १.३ एवढंच चालू ठेवा. पानातली चित्रंही सुरक्षित पत्त्यावरूनच येऊ द्या. आणि प्रायव्हेट की, म्हणजे खासगी किल्ली, सर्व्हरच्या बाहेर जाऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, मदत करणाऱ्या मित्राला नाही.

शेवटचं काम मुदतीचं. या सर्टिफिकेटची मुदत ९० दिवसांची धरून चाला. सर्टबॉट ते आपोआप नवं करतो, पण नूतनीकरणाची कोरडी चाचणी एकदा घेऊन बघा. संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत. आणि मार्च २०२९ पर्यंत सगळ्याच सर्टिफिकेटांची कमाल मुदत ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे. हाताने नवं करत बसण्याचे दिवस संपले.

कुलूप काय सांगत नाही

जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला 'असुरक्षित' म्हणू लागला. पुढे २०२३ मध्ये त्याने कुलपाचं चित्रच काढून टाकलं. कारण लोक त्याचा अर्थ 'ही साइट प्रामाणिक आहे' असा घेत होते. कुलूप एवढंच सांगतं की वाट बंद आहे आणि पलीकडे त्याच नावाचं दार आहे. दारामागे बसलेला माणूस भला की लबाड, ते सांगत नाही. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून काढलेल्या खोट्या साइटलाही हेच सर्टिफिकेट मिळतं. पिन टाकण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचं काम आपलंच.

आणि कासीदाच्या गोष्टीतली एक अडचण उरतेच. ते पत्र चोराने फोडलं नव्हतं. फोडणारा राज्याचा प्रमुख होता, आणि मुलाची खबर शोधणारा बाप होता. आपण सगळे मनाने त्याच्याच बाजूला असतो. पण औरंगाबादच्या सावकाराच्या नजरेने पाहिलं तर सत्य एवढंच, की वाटेवर ज्याची फौज उभी, त्याच्या हाती आपलं पत्र. पेशवा असो, अब्दाली असो किंवा पेंढारी.

गणिताच्या कुलपाला यांतला फरक करता येत नाही. बापासाठी उघडेल आणि लुटारूसाठी बंद राहील, असं कुलूप कुणाला बनवता आलेलं नाही, कारण एकासाठी ठेवलेली फट दुसऱ्यालाही सापडते. आजही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ठरावीक कारणांसाठी मजकूर उलगडून मागू शकतं. पण त्यासाठी लेखी आदेश लागतो, कारण नोंदवावं लागतं, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्या दारात यावं लागतं. वाटेत पत्र फोडणं आणि दारात येऊन मागणं, यात नागरिकाच्या बाजूने मोठा फरक आहे. दार ठोठावणाऱ्याला निदान कारण तरी विचारता येतं.